पहिल्या ऑर्डरला डिलिव्हरी फुकट

बरणी नऊशेची आन् ती घरी पोचवायचे तेराशे! आमच्या ह्यांनी मोबाईल माझ्या नाकापुढं धरला तवा मी परातीत कणीक तिंबत होते. "बघ की, बघ की," चाललतं त्यांचं. मी म्हणलं, "काय बघू? चार आण्याची कोंबडी आन् बारा आण्याचा मसाला. आन् मुळात ती कोंबडी आपल्याला पायजेच कशाला?" तर तोंड बारीक करून बाहेर गेले.

आधी कोण कुठले ते सांगते, न्हाईतर तुम्ही म्हणाल ही बाई आपलंच दामटून राहिली. मी नीलम्मा. लातूरला ट्यूशन एरियात आमचं पोरींचं हॉस्टेल हाय. खाली आम्ही दोघं आन् स्वैपाकघर, वर दोन मजले पोरींचे. कुणी देगलूरची, कुणी किनवटची, कुणी धर्माबादची, सगळ्या डॉक्टर व्हायला आलेल्या. आमचे हे, नरसिंगराव, कॉलेजात केमिस्ट्रीच्या लॅबमधी असिस्टंट होते. रिटायर झाले, पर काचेच्या नळ्यांचा नाद काय सुटला न्हाई. पालक हॉस्टेल बघायला आले की खोल्यांच्या आधी ह्यांच्याकडं बघतात. पान न्हाई, तंबाखू न्हाई, सुपारीचं खांडसुदिक न्हाई. आन् त्यात भूकंपातला माणूस.

आमचं गाव त्या भूकंपात गेलं. गणपती बुडवून लोकं झोपलते आन् पहाटं सगळं खाली आलं. हे तवा भरात होते. दिवसभर हातानं दगडं उपसली, नखं निघाली तरी थांबले न्हाईत. जी माणसं काढली ती ओढ्याकाठच्या जांभळीखाली आणून निजवली, जिती एका बाजूला, मेली एका बाजूला. मेल्यांच्या बाजूला ह्यांचा थोरला भाऊ होता. आता नवं गाव दुसरीकडं बसलंय आन् जुन्या जागी नुसते दगडाचे ढीग हायत. जांभळ मातर तशीच उभी हाय. दरवर्षी तीस सप्टेंबरला ह्यांना बोलावून शाल-नारळ देतात, फोटो काढतात.

त्या जांभळीला फळ लई येतं. पर गावातलं एकबी माणूस त्यातला दाणा तोंडात घालत न्हाई. कुणी तसं ठरवून दिलेलं न्हाई, पर हात जात न्हाई कुणाचा. मागच्या साली जांभळाच्या दिवसात हे तिथं जाऊन आले आन् अंगणात गप बसून राहिले. मी म्हणलं काय झालं, तर म्हणले, "नीले, इतकं पिकून राहिलंय आन् इतकं सांडून राहिलंय. खाववत बी न्हाई आन् वाया गेलेलं बघवत बी न्हाई." मी त्यांना चहा करून दिला. पर मग त्यांनी मोबाईलवर कुणीतरी जांभळाची वाइन करताना बघितलं आन् डोक्यात ते भूत शिरलं.

मी म्हणलं, "वाइन म्हणा न्हाईतर काय म्हणा, आपल्याकडं त्याला दारू म्हणतात. पोरींच्या हॉस्टेलात दारू गाळणार तुम्ही?"

"गाळायची न्हाई गं, मुरवायची असती. लोणच्यासारखी. आन् शुगरला चांगली."

"शुगरला मेथ्या खावा," मी म्हणलं. "पालकांच्या कानावर गेलं तर ह्या घरात पाली बी ऱ्हायच्या न्हाईत. पुन्यांदा नाव काढायचं न्हाई."

न्हाई काढलं. पर रोज दुपारी कॉटवर पडून बघत होते, मला काय दिसत न्हाई का? ती मोठी काचेची बरणी, तिच्या तोंडाला बसवायचं वाकडं नळकांडं, खमीराच्या पुड्या, गोडी मोजायची काचेची नळी. सगळं निवडून ठेवलेलं आन् पोचवायच्या भाड्यापाशी येऊन अडलेलं. काचेचं सामान, वजनी, वरून आमचा पिनकोड. दुसऱ्या दुकानात बघावं तर बरणी स्वस्त आन् भाडं महाग, तिसऱ्यात भाडं स्वस्त आन् बरणी महाग. मी मनात म्हणायची, बरं झालं, त्या भाड्यानंच माझं घर राखलं. ह्यांचा हात असा की दहाच्या कोथिंबिरीवर मिरच्या फुकट मागतील, हे कुठले तेराशे देतात!

आता आमच्या रविवारची गंमत ऐका. पोरींना हॉस्टेलात मोठा मोबाईल ठेवायची बंदी हाय, अभ्यास बुडतो म्हणून. मग पुस्तकं, बिस्किटं, पोरींना लागणारं बाकीचं सगळं ह्यांच्या मोबाईलवरून मागवायचं. रविवारी नाष्टा झाला की हे खुर्ची टाकून बसायचे आन् पोरी भवती कोंडाळं करायच्या. एकेकटीनं मागवलं तर डिलिव्हरी लागती, म्हणून सगळ्यांचं एकात घालायचं. त्यात कंपनीची एक सवलत होती. नव्या नंबरावरनं पहिली ऑर्डर टाकली की डिलिव्हरी फुकट, कितीबी वजन असू द्या. मग काय, दर रविवारी एक नवा नंबर! एकीच्या मामाचा, एकीच्या चुलतीचा, एकीच्या गावच्या पोस्टमनचा. नंबरवाल्याला फोन लावायचा, त्याच्याकडं आलेले आकडे विचारून घ्यायचे, की झालं काम. पोरी टाळ्या वाजवायच्या. हे अशे फुगायचे की भाडं वाचवलं न्हाई, जणू किल्ला जिंकला.

करता करता सगळे नंबर वापरून झाले. राहिला एकच, कहकशांच्या अब्बांचा.

कहकशां धर्माबादची. तिचे अब्बा, लालमहंमद, मोंढ्यात, म्हणजे घाऊक बाजारात, मिरचीच्या पोत्यांची शिवणकामं करतात. साधा बटणांचा मोबाईल, आन् इंग्रजीतला मेसेज आला की शेजारच्या आडतीतल्या बालाजीकडून वाचून घ्यायचे. पोरगी लई गुणाची. वरच्या मजल्यावर सगळ्यात शेवटी हिच्या खोलीतला दिवा विझायचा. डाळीत मीठ कमी असलं तर बाकीच्या ओरडायच्या, ही गुपचूप येऊन माझ्या कानात सांगायची. त्या रविवारी तिनं फोन लावला, "अब्बा, किताबां मंगा रहे, एक नंबर आया होंगा, बताओ ना." त्यांनी एकेक आकडा नीट सांगितला. वर म्हणले, "खूब पढो, बेटा."

पोरींची पुस्तकं, सरावाचे पेपर, सगळं त्यात पडलं. आन् त्याच ऑर्डरीत, कहकशांच्याच नावावर, आमच्या ह्यांनी हळूच आपली बरणी ढकलली. कहकशांनं विचारलं, "काका, हे काय हो?" तर म्हणले, "लोणच्याची बरणी हाय. काकूला सांगू नको, गंमत हाय."

बघा आता! मला ह्यातलं काडीचं ठाऊक न्हाई. पुस्तकं आधी आली, पोरींनी वाटून घेतली. बरणी मागून निघाली. ती निघाल्याचा मेसेज गेला धर्माबादला, मिरचीच्या मोंढ्यात, ऐन सौद्याच्या टायमाला. लालमहंमदभाईंनी हौसेनं मोबाईल बालाजीपुढं धरला, की पोरीची किताबं कुठवर आली वाच. आन् त्या बालाजीनं सगळ्यांच्या देखत मोठ्यानं वाचलं. कहकशां. वाइन बनवण्याचं सामान. उद्या पोचणार. हमाल हसले, व्यापारी हसले. कुणीतरी म्हणलं, पोरगी डॉक्टर व्हायच्या आधी दवा बनवायला शिकून राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी लालमहंमदभाई आमच्या दारात. मी म्हणलं, "या दादा, चहा टाकते." तर चप्पल काढली न्हाई, आत आले न्हाईत. "कहकशां को बुलाओ," एवढंच. त्यांचा आवाज ऐकून मीच दचकले. हे अंगणात टँकरचं पाणी हौदात सोडून राहिलते. देगलूरच्या एका पोरीचे वडील, दिगंबरराव, लेकीला डबा द्यायला आलते, ते बी उभे. कहकशां ओल्या केसांनी खाली आली, बापाला बघून हसली.

तेवढ्यात गेटवर पार्सलवाला आला. खोकं खाली ठेवलं, फोन लावला, आन् तो फोन लालमहंमदभाईच्या खिशात वाजला. भर अंगणात! त्यांनी उचलला, समोरासमोर उभं राहून आकडे सांगितले आन् खोकं घेतलं. दाभणानं शिवण उसवावी तसं ते टराटरा फाडलं. आत काचेची बरणी, आन् डब्यावर द्राक्षाचा घड आन् लाल पेल्याचं चित्र.

"ये किताबां हैं?" ते म्हणले. ओरडले असते तर बरं झालं असतं. इतक्या हळू म्हणले.

पोरगी पांढरी पडली. "अब्बा, ये मेरा नै. लोणच्याची बरणी हाय, काका..." म्हणली आन् ह्यांच्याकडं बघितलं. काकाच सांगतील म्हणून वाट बघून राहिली बिचारी.

मला एका दमात सगळं उमगलं. मी पुढं झाले आन् म्हणलं, "दादा, पोरीचा काही दोष न्हाई. हे आमच्या ह्यांचं सामान हाय. ह्यांनाच ती हौस हाय."

लालमहंमदभाई ह्यांच्याकडं वळले. लई अदबीनं विचारलं हो त्यांनी. "साहेब, तुमचं हाय का हे?"

ह्यांच्या हातात टँकरचा पाइप. एकदा दिगंबररावाकडं बघितलं, एकदा वर कठड्याला टेकलेल्या पोरींकडं बघितलं. आन् म्हणले, "न्हाई बा. मला काय करायचंय त्याचं?"

मी ओरडले, "खोटं बोलून राहिलेत हे! अहो, बोला की खरं!" तर दिगंबरराव बारीक हसून म्हणले, "ऱ्हाऊ द्या बाई. हॉस्टेलचं नाव जाईल म्हणून नवऱ्यावर घेताय, कळतंय आम्हाला. नरसिंगराव आन् दारू? भूकंपातला देवमाणूस हाय तो." चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते मी माझ्या अंगणात, माझ्या डोळ्यांनी बघितलं.

कहकशांनं बाकी कुणाला एक शब्द सांगितला न्हाई. वर जाऊन पिशवी भरली. परीक्षेला महिना राहिलेला, आन् तिची सगळी पुस्तकं कॉटखाली राहिली, कारण बाप म्हणला, "वो नै लगतीं अब." जाताना माझ्या पाया पडली. ह्यांच्यापाशी क्षणभर थांबली, आन् तशीच गेली. बरणी तिथंच अंगणात, खोक्यावर पडलेली.

त्यानंतर मी ह्यांना काय काय बोलले ते सांगत न्हाई, तोंड विटाळतं. हे आपले अळीमिळी गुपचिळी. जेवायला वाढलं तर जेवायचे न्हाईत, न्हाई वाढलं तर मागायचे न्हाईत. शेवटी म्हणले, "नीले, लोकं माझ्याकडं बघून पोरी ठेवतात. मी हो म्हणलो असतो तर सगळ्या गेल्या असत्या."

"म्हणून एकीला घालवली?"

"काय तरी मार्ग निघंल."

"तुमचं आपलं काय तरी निघंल!" मी म्हणलं. "मेलेली माणसं बाहेर काढताना भ्याला न्हाईत. भिंत डोक्यावर लोंबत होती तरी आत हात घालत होता. आन् हित्तं एक जिती पोरगी दबून राहिली, तर एक शब्द काढवंना?" ते भिंतीकडं तोंड करून निजले.

मग मीच उठले. एस्टीनं नांदेड, नांदेडाहून रेल्वेनं धर्माबाद. बानोबी, कहकशांची अम्मी, दारात आली आन् मला बघून रडायलाच लागली. आत पोरगी भिंतीला टेकून बसलेली, मांडीवर तिच्या चुलतभावाची जुनी, फाटकी पुस्तकं. "काकू, जीवशास्त्राचं माझं हाय का जाग्यावर?" हे विचारलं तिनं. दुसरं काही न्हाई.

मी तशीच मोंढ्यात गेले. मिरचीच्या ठसक्यानं डोळ्यांतून पाणी चाललतं, लोकांना वाटलं बाई रडून राहिली. आन् रडत बी होतेच थोडी. लालमहंमदभाई पोतं शिवत बसलते. मी सगळ्यांच्या मधी उभी राहिले आन् म्हणलं, "ऐका हो! ते दारूचं सामान आमच्या घरचं हाय. माझ्या नवऱ्यानं ह्यांच्या पोरीच्या नावावर टाकलं, भाडं वाचवायला. पोरगी गंगेवाणी साफ हाय."

कुणीतरी खोकललं. बालाजी मान खाली घालून आकडेमोड करायला लागला. एक म्हातारा आडत्या म्हणला, "बाई, तुमचा नवरा जिता हाय ना? मग तो कामून न्हाई आला?"

मी पदरानं डोळे पुसले.

लालमहंमदभाईंनी मला चहा पाजला. म्हणले, "ताई, मला ठाऊक हाय. मी त्याच दिवशी ओळखलं, साहेबांनी नजर फिरवली तवाच. माझी बेटी झूठ बोलत न्हाई. पर मोंढ्याला ठाऊक न्हाई ना. ह्यांनी माझ्या बेटीचं नाव हसून हसून घेतलंय. जिथं हसले तिथंच साहेबांनी येऊन सांगायला पायजे. तुम्ही सांगितलं तर लोक म्हणतात, औरत हाय, दया आली असंल. तोवर तिला पाठवली तर म्हणतील बापच तसा."

"आन् परीक्षा?" मी म्हणलं.

त्यांनी दाभणात सुतळी ओवली, पर पोतं शिवलं न्हाई. हात तसाच राहिला. मी मोकळ्या हातानं परत आले.

घरी आल्यावर ह्यांना सगळं सांगितलं, शब्दाला शब्द. "जातो," म्हणले. त्या दिवशी गेले न्हाईत. दुसऱ्या दिवशी म्हणले अंगात कणकण हाय. तिसऱ्या दिवशी पायजमा बदलून गेटपर्यंत गेले आन् वापस येऊन खुर्चीत बसले. वरची कहकशांची कॉट तशीच. सोबतच्या पोरींनी तिची पुस्तकं झटकून, एकावर एक रचून ठेवलती.

आन् मग एक दिवस सकाळी, पोरी क्लासला निघायच्या घाईत, गेटवर तोच पार्सलवाला. म्हणला, "वापसीचं पार्सल हाय ना? बरणी?" मी ह्यांच्याकडं बघितलं. ह्यांनी मला न सांगता मोबाईलवरनं वापसी लावलती. वापसी फुकट होती ना! अंगणातली बला जाईल, कुणाला काही सांगावं लागणार न्हाई, आन् पैसे बी परत. हाय की न्हाई डोकं?

ह्यांनी खोकं आणून दिलं. चिकटपट्ट्या लावून लावून सारखं केलतं. पार्सलवाला म्हणला, "काका, नंबर सांगा."

"कसला नंबर?"

"वापसीचा. ऑर्डर ज्या फोनवरनं हाय त्याच्यावर आकडे आले असतील. त्याच्याबिगर मला उचलता येत न्हाई."

मी पोळपाटावर लाटणं ठेवलं. बाहेर आवाज जाईल इतकं जोरात ठेवलं. हे स्वैपाकघराच्या दारात आले. तोंड सुकून गेलतं. "नीले, तू लाव ना फोन लालमहंमदला. तुझं ऐकतो तो."

"मी जाऊन आले धर्माबादला," मी म्हणलं. "मी बाई हाय, मला दया येती म्हणे. तुम्ही लावा."

"राहू दे मग. सामान राहू दे."

"राहू द्या की. मी ती बरणी गेटवर मांडते. येणारा-जाणारा पालक बघू दे." आन् मी खरंच मांडली असती. नाक दाबल्याबिगर तोंड उघडत न्हाई काही माणसांचं.

पार्सलवाल्यानं घड्याळ बघितलं. ह्यांनी मोबाईल काढला. लावला. तिकडं मोंढ्याचा गलका, काट्यावर पोती आपटल्याचा आवाज, मलासुदिक ऐकू येत होता.

"बोलो," लालमहंमदभाई म्हणले.

"मी... मी नरसिंग. लातूरहून. तुमच्याकडं एक नंबर आला असंल बघा."

"कायका नंबर?"

"पार्सलचा."

"कायका पार्सल, साहेब?"

जिन्यावर पोरी दप्तरं घेऊन उतरत होत्या, त्या थबकल्या. दिगंबररावाची लेक सगळ्यात पुढं. मला वाटलं आता फोन ठेवतात हे. कानशिलावरनं घाम निथळून राहिलता. मला त्या भूकंपाच्या दिवशीचं त्यांचं तोंड आठवलं. असंच धुळीनं आन् घामानं भरलेलं. माझा राग कुठं गेला काय माहीत, मी मनातल्या मनात म्हणून राहिले, काढा हो, काढा बाहेर, जिती हाय ती.

"दारूच्या बरणीचं," हे म्हणले.

"साहेब, हित्तं सौदा चालू हाय, आवाज लई हाय. मी फोन स्पीकरवर टाकलाय. जोरात बोला."

आन् हे बोलले. अंगणाच्या मधोमध उभं राहून, बहिऱ्याला सांगावं तसं ओरडून बोलले. "दारूच्या बरणीचं! जांभळाची दारू करायची होती मला! ती बरणी माझी हाय, नरसिंगची! तुमच्या पोरीच्या नावावर मी टाकली, तिला फसवून टाकली, भाडं वाचवायला! आन् तुम्ही विचारलं तवा मी खोटं बोललो!"

फोनमधनं त्या म्हाताऱ्या आडत्याचा खोकला तेवढा आला. मग लालमहंमदभाईंनी बालाजीला हाक मारली, "बालाजी, बेटा, आता हे बी वाच. असंच मोठ्यानं वाच." बालाजीनं आकडे वाचले. पार्सलवाल्यानं ते दाबले, खोकं उचललं आन् गेला.

सांजच्याला दिगंबरराव आले, लेकीची गादी गुंडाळली. माझ्याशी बोलले न्हाईत. त्यांच्या मागनं किनवटच्या दोघी गेल्या, मग उदगीरची गेली. हे गेटपाशी उभे राहून प्रत्येकाला हात जोडत होते. कुणी परत जोडले, कुणी न्हाई. भूकंपाची शाल त्यांनी भिंतीवरच्या खिळ्यावरनं काढून ट्रंकेत घातली.

कहकशां आली. बापानं आणून सोडली, ह्यांच्याशी बोलले न्हाईत, पर ह्या खेपेला चप्पल काढून आत बसले आन् चहा घेतला. पोरगी सरळ वर गेली आन् पुस्तक उघडून बसली. खाली जेवायला यायची, मला "काकू" म्हणायची. ह्यांच्याकडं बघायची न्हाई.

रविवार आला. हे सवयीनं नाष्ट्यानंतर अंगणात खुर्ची टाकून बसले, हातात मोबाईल. राहिलेल्या पोरी जिन्यानं उतरल्या आन् बाजारात गंजगोलाईला जाऊन आणतो म्हणून बाजूनं निघून गेल्या. हे बसून राहिले. ऊन पायावर आलं तरी खुर्ची सरकवली न्हाई. मी दारातनं बघत होते, मला त्यांचा राग यायचा प्रयत्न करून बी येईना.

मग कहकशां उतरली. ह्यांच्यापुढं येऊन उभी राहिली. आधी खुर्चीच्या दांडीला टेकून मोबाईलात डोकावायची, आता हातभर लांब.

"काका, एक पुस्तक मागवायचंय. सरावाचे पेपर," म्हणली. "माझं एकटीचंच."

ह्यांनी घाईघाईनं चष्मा लावला. "हाव, हाव, बेटा. थांब, नवा नंबर बघतो एखादा..."

"नवा नको," ती म्हणली. "तुमचा टाका. नाव बी तुमचंच टाका. डिलिव्हरी लागली तर लागू द्या, मी देते."

ह्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला आन् परत लावला. मग एकेक अक्षर दाबत आपलं नाव टाकलं, आपला नंबर टाकला. डिलिव्हरी लागली. ती त्यांनी भरली.